लोखंडाने खाल्लेले मीठ



खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपण माणसाला सांगतो. लोखंडाचा न्याय मात्र उलटा आहे. लोखंडाने मीठ खाल्ले की पुढे मीठच लोखंडाला खाऊ लागते. आणि तेही खालून, आतून, मालकाच्या नजरेआड. या मिठाविषयी आणि गंजाविषयी आज आपल्याशी चार गोष्टी बोलाव्यात असे योजिले आहे. विषय रसायनशास्त्राचा आणि मी भूगोल शिकवणारा. परंतु हा विषय आमच्या घरापर्यंत चालत आला, तेव्हा त्यात शिरणे भाग पडले.

आमचे घर कोरेगावजवळ. भीमेकाठचे कोरेगाव नव्हे. सातारा जिल्ह्यातले, जरंडेश्वराच्या डोंगरापलीकडचे. थोरले बंधू, म्हणजे आमचे दादा, शेती पाहतात. घरी ट्रॅक्टर आहे, उसाची ट्रॉली आहे. दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. खंडेनवमीला दादांनी ट्रॉली धुतली, लाल रंगाचा हात दिला, झेंडूचा हार घातला. ट्रॉली नवी नवरी दिसू लागली. पुढे जानेवारीत ऊस भरून ती बांधावरून रस्त्याला चढत होती. ट्रॅक्टरने ओढ घेतली आणि कडकन आवाज झाला. ट्रॉलीची दांडी चौकटीला जिथे जोडलेली असते, तिथूनच फाटली आणि भरली ट्रॉली नाकावर बसली. वेग नव्हता, माणूस जवळ नव्हता, म्हणून निभावले. हेच शंभर पावले पुढे, भर रस्त्यावर, मागून मोटारसायकली येत असताना घडते तर काय झाले असते, हे सांगायला नको.

वेल्डिंगवाला आला. त्याने हातोडीने दोन-चार ठिकाणी ठोकून पाहिले. प्रत्येक ठोक्याला तपकिरी पापुद्रे खाली पडत होते. तो म्हणाला, "सर, रंगाला काय झालं न्हाई बगा. रंग हाय तिथं हाय, लोखंड तेवढं गेलंय." मग दादांकडे वळून त्याने विचारले, "दादा, पावसाळ्यात ह्यात काय भरलं हुतं?" दादा म्हणाले, "पोटॅश आणि युरियाच्या गोण्या. शेडात जागा नव्हती, म्हणून ट्रॉलीतच ठेवल्या आणि वर ताडपत्री टाकली." त्यावर तो हसला. "मग ह्यो गंज पावसाचा न्हाई, दादा. ह्यो खताचा हाय."

त्या माणसाचे हे एक वाक्य मला पुस्तकात घेऊन गेले. त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

प्रथम गंज म्हणजे काय ते पाहू. लोखंड जमिनीतून निघते ते शुद्ध लोखंड म्हणून नव्हे. ते प्राणवायूशी जखडलेल्या तांबूस दगडाच्या रूपात असते. भट्टीत कोळसा जाळून आपण त्याला त्या जखडीतून सोडवतो आणि पोलाद करतो. परंतु सोडवलेल्या लोखंडाची मूळ ओढ जात नाही. पाणी आणि प्राणवायू दोन्ही भेटले, की ते पुन्हा आपल्या तांबूस रूपाकडे परतू लागते. या परतीलाच आपण गंज म्हणतो. यात दोघांचीही हजेरी लागते हे ध्यानात ठेवा. पाणी आहे पण प्राणवायू नाही, किंवा प्राणवायू आहे पण ओल नाही, तर साधारणपणे गंज चढत नाही.

आता यात मीठ कोठे आले? गंजणारे लोखंड ही एक लहानशी बॅटरीच असते. ओल्या पत्र्याच्या एका ठिकाणी लोखंड विरघळते, शेजारच्या ठिकाणी प्राणवायू वापरला जातो, आणि या दोन जागांमध्ये विजेचा अगदी बारीक प्रवाह वाहतो. पत्र्यावरच्या पाण्यातून हा प्रवाह जितका सुलभ जाईल, तितका गंज वेगाने चालतो. पावसाच्या स्वच्छ पाण्यातून वीज कष्टाने जाते. खारट पाण्यातून सहज जाते. ही मिठाची पहिली करामत. दुसरी अशी, की मिठातला क्लोराईड हा घटक लोखंडावर बसू पाहणारा पातळ संरक्षक थर टिकू देत नाही. आणि तिसरी करामत सर्वांत कपटी आहे. मीठ हवेतली ओल ओढून घेते. पावसाळ्यात घरातले मीठ बरणीत पाझरते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. हवेची आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की साधे मीठ स्वतःच पाणी गोळा करून विरघळू लागते. म्हणजे पाऊस थांबला, ऊन पडले, वरचा पत्रा वाळला, तरी सांध्यात अडकलेले मीठ रात्रीच्या दमट हवेतून पुन्हा पाणी आणते आणि गंजाचे काम रात्रपाळीत चालू राहते.

शिवाय या कामात मीठ फारसे खर्ची पडत नाही. लोखंड गंजत जाते आणि क्लोराईड पुढचे लोखंड धरायला मोकळा राहतो. म्हणून चिमूटभर मीठही फार दिवस पुरते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते; तो फुगतो, रंगाला खालून उचलतो, आणि उचललेल्या रंगाखाली नवे पाणी शिरते. वरून फोड दिसावा आणि आत गळू पिकलेले असावे, तसा हा प्रकार.

या मिठाचे उपद्रव सर्वांत मोठ्या प्रमाणावर पाहायचे तर थंड देशांतल्या रस्त्यांकडे पाहावे. अमेरिकेत शिकागोला किंवा कॅनडात टोरांटोला आपली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचतो आणि गाड्या घसरतात. त्यावर उपाय म्हणून नगरपालिकेच्या गाड्या रस्त्यावर मीठ पसरत जातात. पाणी शून्य अंशाला गोठते. मीठ मिसळले की ते त्याहून खाली गेल्याशिवाय गोठत नाही. भरपूर मिठाचे पाणी शून्याखाली २१ अंशांपर्यंतही गोठत नाही. रस्त्यावर एवढे मीठ टाकणे परवडत नाही, तरी शून्याखाली आठ-नऊ अंशांपर्यंत साधे मीठ चांगले काम देते. रस्ता मोकळा होतो, माणसांचे जीव वाचतात. पण तेच खारट पाणी चाकांबरोबर उडून गाडीच्या पोटाला लागते. वरून चकचकीत दिसणाऱ्या मोटारीची चौकट, ब्रेकच्या नळ्या, दारांचे खालचे काठ काही हिवाळ्यांत कुजू लागतात. म्हणून तिकडचा शहाणा मालक हिवाळ्यातही गाडी खालून धुऊन घेतो, आणि हिवाळा संपला की एकदा कसून धुतो.

आता आपण म्हणाल, "सर, जरंडेश्वरावर काही बर्फ पडत नाही. हे आम्हाला कशाला?" बर्फ पडत नाही हे खरे, पण मीठ मात्र आपल्याकडे तीन वाटांनी येते.

पहिली वाट खताची. ज्याला आपण पोटॅश म्हणतो, ते म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, साध्या मिठाचे सख्खे भावंड. थंड देशांत काही ठिकाणी बर्फ वितळवण्यासाठी हेच वापरतात. त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग क्लोराईडचा असतो. ५० किलोची एक गोणी म्हणजे वीस किलोंहून अधिक क्लोराईड! एकटे पोटॅश साध्या मिठापेक्षा थोडी उशिरा ओल धरते. पण युरिया आणि पोटॅश एकत्र सांडले, की ते मिश्रण दोघांपेक्षाही लवकर पाझरते. फुटक्या गोणीतून सांडलेली ओंजळ ट्रॉलीच्या फटीत गेली, की थंड देशांतला खारा रस्ता आपल्या ट्रॉलीतच उतरला म्हणून समजा.

दुसरी वाट जमिनीची. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी आणि आपल्याकडेही जिथे पाण्याचा निचरा नीट होत नाही, तिथे क्षारपड जमिनी झाल्या आहेत. उन्हाळ्यात त्यांच्यावर पांढरा थर येतो. तो क्षारांचा थर असतो. अशा रानातला चिखल मडगार्डच्या आत, पाट्यांच्या बेचक्यात आणि चौकटीच्या कोपऱ्यात बसतो. चिखल स्वतःच ओल धरून ठेवतो. त्यात क्षार असले तर दुधात साखर नव्हे, जखमेवर मीठ.

तिसरी वाट कोकणाची. उंब्रज-पाटणमार्गे कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, आणि पुढे गुहागरचा समुद्र. समुद्राच्या पाण्यात शेकडा साडेतीन भाग क्षार असतात. सुट्टीत मंडळी जीप, मोटार थेट पुळणीवर घालतात, लाटांत चाके भिजवतात, फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी घाट चढून घरी येतात. गाडीबरोबर समुद्रही घरी येतो. कोकणातून मासळी किंवा मीठ आणणाऱ्या टेंपोंची गोष्ट तर निराळी सांगायलाच नको.

खारी हवा पोलादाचे काय करू शकते याचे एक उदाहरण शेजारच्या गोव्यात आहे. पणजीला मांडवी नदीवरचा मोठा पूल १९७० साली वाहतुकीला खुला झाला. ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला. सुमारे सोळा वर्षे झाली होती. काँक्रीटच्या आत ताणून बसवलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. बाहेरून पूल उभा दिसत होता. आत त्याचे स्नायू झिजत होते. आमच्या ट्रॉलीची लाल रंगाखालची दांडी आणि तो पूल यांत आकाराचा फरक, रोग एकच.

कोणी विचारील, "मग दिल्लीला मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षे उघड्यावर कसा उभा?" प्रश्न योग्य आहे. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण आजच्या पोलादापेक्षा बरेच जास्त आहे. त्यामुळे त्याच्या अंगावर एक घट्ट संरक्षक थर तयार झाला आहे. शिवाय दिल्लीची हवा वर्षातले बरेच महिने कोरडी, आणि समुद्र दूर. आपल्या ट्रॉलीच्या पत्र्याला यांपैकी काहीच लाभलेले नाही. त्याचे रक्षण आपल्यालाच करावे लागणार.

ते कसे करावे? चार गोष्टी क्रमाने सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिली गोष्ट धुण्याची. मीठ पाण्यात विरघळते, हाच त्याचा दुबळेपणा. म्हणून खत वाहिले, त्याच दिवशी ट्रॉली आधी झाडून घ्या आणि मग भरपूर पाण्याने धुवा. झाडलेले खत रानात टाका, वाया जाणार नाही. मात्र धुण्याचे पाणी विहिरीकडे किंवा ओढ्याकडे जाऊ देऊ नका. कोकणातून आलात तर दुसऱ्या रविवारची वाट पाहू नका. आपण गाडी धुतो ती वरून, कारण वरचे लोकांना दिसते. मीठ असते खाली. धुण्याच्या ठिकाणी गाडी वर घ्यायला लावा आणि चाकांच्या कमानी, चौकट, पाटे, दारांचे खालचे काठ यांवर पाण्याचा झोत मारायला सांगा. बोअरचे पाणी खारे असेल, वाळल्यावर पांढरे डाग पडत असतील, तर शेवटची बादली गोड्या पाण्याची घ्या.

दुसरी गोष्ट वाळवण्याची. दारांच्या तळाशी, चौकटीच्या पोकळ भागात पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजतात. काडीने मोकळी करा. गाडीतल्या पायपुसण्याखाली ओल राहिली आहे का, हात घालून पाहा. ट्रॉली धुतल्यावर फळका उघडून, थोडी कलती करून उन्हात ठेवा. ओली गाडी बंद, उबदार शेडात कोंडू नका. तिथे गंजाला हवा तसा मुक्काम मिळतो. चहूबाजूंनी वारा खेळणारे छप्पर बरे. आणि खत ठेवायचेच असेल तर ते लाकडी फळ्यांवर, जाड प्लॅस्टिकवर, शेडात ठेवा, ट्रॉलीत नव्हे.

तिसरी गोष्ट रंगाची. आमच्या दादांची चूक इथेच झाली होती. गंजावर रंग लावणे म्हणजे गळवावर पट्टी बांधणे. आधी तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, जरूर तर ग्राइंडर घेऊन चकाकणाऱ्या लोखंडापर्यंत या. मग ती जागा गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, कारण खरवडल्यावरही खड्ड्यांत मीठ राहते. त्यानंतर गंजरोधक प्रायमर, आणि तो वाळल्यावर रंगाचे दोन हात. जस्ताचा भरपूर अंश असलेला प्रायमर मिळाला तर उत्तम. जस्ताचा स्वभाव दिलदार आहे. ते लोखंडाच्या आधी स्वतः झिजते. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीला ओरखडा पडला तरी ती लगेच गंजत नाही. उलट, तेलाच्या डब्यावर कथलाचा मुलामा असतो. त्याला ओरखडा पडला की तिथले लोखंड अधिकच वेगाने जाते.

चौथी गोष्ट तेला-मेणाची. जिथे ब्रश पोचत नाही अशा पोकळ जागांत गंजरोधक मेण किंवा त्या कामाचे तेल फवारून घ्यावे. पण आधी तो भाग कोरडा हवा. ओलीवर जाड डांबरी थर चढवला तर ओल आत कोंडते आणि वरून काही कळत नाही. तेलाचा थेंब ब्रेकवर जाऊ देऊ नका, धुराच्या तापत्या नळीवर लावू नका, रबराच्या भागांपासून दूर ठेवा. आपल्याकडे इंजिनातून काढलेले जळके ऑइल फासण्याची चाल आहे. ती सोडावी. त्यात आम्लाचा अंश असतो, घाण असते, आणि पहिल्या पावसात ते आपल्याच रानात उतरते.

बाजारात विजेच्या एखाद्या डबीने गाडीचा गंज थांबवून देतो असे सांगणारेही भेटतील. जहाजाचा तळ किंवा जमिनीतली लोखंडी नळी यांना विजेने वाचवता येते, कारण त्यांच्याभोवती पाणी किंवा ओली माती अखंड असते. गाडी हवेत उभी असते. तिथे ती युक्ती लागू पडत नाही. ते पैसे धुण्यावर आणि प्रायमरवर खर्च करावेत.

वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, तपासणी करा. हातोडीने हलके ठोके द्या. चांगले लोखंड खणखणते. कुजलेले बद्द वाजते. दांडीचे जोड, हुकाची पिन, एक्सलजवळची वेल्डिंग, ब्रेकच्या नळ्या आणि बॅटरीखालचा पत्रा या जागा चुकवू नका. बॅटरीतले आम्लही मिठासारखेच पत्रा खाते. दांडी किंवा ब्रेकची नळी गंजलेली दिसली तर तिथे रंगाचा विचारच करू नये. तो भाग बदलावा. तिथे प्रश्न पत्र्याचा नसतो, माणसाचा असतो.

शिक्षक बंधु-भगिनींना एक विनंती. हे सारे वर्गात दाखवता येते, खर्च चहाच्या कपाएवढा. साधे, जस्ताचा मुलामा नसलेले सहा खिळे घ्या आणि पॉलिश पेपरने घासा. झाकणाच्या सहा बाटल्या घ्या. पहिलीत कोरडा खिळा आणि बुटांच्या खोक्यात येणारी ओल शोषणारी पुडी ठेवा. दुसरीत उकळून गार केलेले पाणी काठोकाठ भरून त्यात खिळा सोडा आणि वर तेलाचा थर द्या. तिसरीत साध्या पाण्याने भिजवलेल्या कापसावर खिळा ठेवा. चौथीत मिठाच्या पाण्याचा कापूस, पाचवीत पोटॅशच्या पाण्याचा. सहावीतही मिठाच्या पाण्याचाच कापूस, पण खिळ्याला ग्रीसचा दाट हात दिलेला. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावा आणि मुलांना आठवडाभर रोज नोंद करू द्या. पहिले दोन खिळे जवळजवळ तसेच राहतील, आणि गंजाला पाणी व प्राणवायू दोन्ही लागतात हे मुलांना न सांगता कळेल. चौथा आणि पाचवा तिसऱ्याला मागे टाकतील. सहावा तेला-मेणाचे महत्त्व सांगेल. पाचवी बाटली पाहून ज्या मुलाच्या घरी ट्रॉली आहे, तो त्या संध्याकाळी वडिलांना काहीतरी विचारल्याशिवाय राहणार नाही. तो प्रश्न घरोघरी जावा, एवढ्यासाठीच हा प्रयोग.

आमच्या घरी आता खंडेनवमीचा क्रम बदलला आहे. आदल्या आठवड्यात दादा ट्रॉलीखाली सतरंजी टाकून आडवे होतात आणि हातोडीने एकेक जोड वाजवून पाहतात. पुतण्या बॅटरीचा उजेड धरतो. जिथे आवाज बद्द येतो तिथे खडूची खूण होते, आणि वेल्डिंगवाल्याला निरोप जातो. रंग त्यानंतर. हार सर्वांत शेवटी.

आपल्या पूर्वजांनी वर्षातून एक दिवस हत्यारे पुसून, तेल लावून पुजण्याची रीत घालून दिली. त्या पूजेत लोखंडाची निगाच सांगितलेली आहे. निगा वगळून केवळ हळदकुंकू वाहिले तर मीठ आपले काम थांबवणार नाही. तेव्हा येत्या खंडेनवमीला हार घेण्यापूर्वी एकदा गाडीच्या खाली वाकून पाहा.